विश्लेषण : बिअरच्या कारखान्यातून थेट भौतिकशास्त्रात… ‘ज्यूल’ हे एकक ज्यांच्या नावाचे, ते जेम्स ज्यूल कोण होते?

ऊर्जेचे एकक कोणते, याचे उत्तर नववीतला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकलेला कोणताही विद्यार्थी झोपेतही देईल : ज्यूल. मात्र हे ज्यूल प्राध्यापक नव्हते, त्यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते आणि ज्या काळात त्यांनी भौतिकशास्त्राचा पाया हलवणारे प्रयोग केले, त्या काळात त्यांचा दिवस इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथील कुटुंबाच्या बिअर कारखान्यात जात होता. धान्यापासून इंग्लिश पद्धतीची एल बनवणाऱ्या या घराचा आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचा संबंध काय, आणि त्यांच्या मोजमापांवर विश्वास ठेवायला तेव्हाचे शास्त्रज्ञ का तयार नव्हते, याविषयी…

जेम्स ज्यूल यांचे बालपण कसे होते?

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डमध्ये झाला. आजोबांनी सुरू केलेला बिअरचा कारखाना वडील बेंजामिन यांनी भरभराटीला आणला होता. घरात पैशाला तोटा नव्हता. तोटा होता तो जेम्स यांच्या प्रकृतीला. पाठीच्या कण्यात जन्मापासून दुखणे असल्यामुळे ते शाळेत गेले नाहीत, शिक्षण घरीच झाले. पाठीतला तो किंचित बाक आयुष्यभर राहिला. स्वभावही बुजरा होता.

१८३४ मध्ये वडिलांनी जेम्स आणि थोरला भाऊ बेंजामिन यांना एका शिक्षकाकडे पाठवले. हे शिक्षक म्हणजे अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन. तेव्हा डाल्टन वयाच्या साठीच्या उत्तरार्धात होते आणि चरितार्थासाठी मँचेस्टर लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या इमारतीत शिकवण्या घेत. ज्यांचे नाव युरोपभर झाले होते, ते गृहस्थ बिअरवाल्याच्या दोन मुलांना अंकगणित आणि भूमिती शिकवत होते. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ही शिकवणी कायमची थांबली. रसायनशास्त्राच्या फार खोलात जाण्याआधीच ती संपली असली, तरी निसर्ग समजून घ्यायचा तर तो मोजावा लागतो, ही गोष्ट मात्र जेम्स यांच्या मनात पक्की बसली होती.

एल बनवताना तापमानाला एवढे महत्त्व का?

ज्यूल यांची गोष्ट समजून घ्यायची असेल तर थोडा वेळ त्यांच्या कारखान्यात जावे लागेल. इंग्लिश एल बनते जवापासून. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भट्टीत भाजायचे. याला म्हणतात माल्ट. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्याचाच हा भाऊबंद. मोड येताना दाण्यात विकरे म्हणजे एन्झाइम तयार होतात. भरडलेले माल्ट गरम पाण्यात तासभर मुरवले की ही विकरे दाण्यातील पिष्टाची साखर करतात. या टप्प्याला मॅशिंग म्हणतात आणि सगळी मेख इथेच आहे.

मॅशचे तापमान ६३-६४ अंश सेल्सियसच्या आसपास राहिले, तर साखर अशी बनते की यीस्ट ती जवळपास सगळी फस्त करते. बिअर कोरडी आणि पातळ लागते. ६८-६९ अंशांवर गेले, तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते. बिअर दाट आणि गोडसर होते. त्याच्याही बरेच पुढे गेले, तर विकरेच मरतात आणि हाती उरते पिठाची लापशी. इंग्लिश एलसाठी साधारण ६६ अंश योग्य मानतात. म्हणजे चांगली आणि वाईट बिअर यांच्यातले अंतर दोन-तीन अंशांचे.

आज युरोप-अमेरिकेत घरच्या स्वयंपाकघरात धान्यापासून एल करणारे हौशी लोकही हेच गणित करतात. पाच किलो माल्ट २० अंशांवर आहे, पाणी १३ लिटर आहे आणि मिश्रण ६६ अंशांवर हवे आहे. तर पाणी किती तापवावे? धान्याची विशिष्ट उष्मा पाण्याच्या साधारण ०.४ पट धरली, तर उत्तर येते ७३ अंश. दहावीच्या पुस्तकातले उष्णता विनिमयाचे तत्त्व ते हेच. पुढे तो गोड रस म्हणजे वर्ट गाळायचा, उरलेला चोथा गरम पाण्याने धुऊन त्यातली साखरही काढून घ्यायची, मग तासभर हॉप्ससह उकळायचे, १८-२० अंशांपर्यंत थंड करायचे आणि यीस्ट घालून आठवडाभर आंबू द्यायचे. यीस्ट कामाला लागले की स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे तेव्हाही थर्मामीटरवर नजर ठेवावी लागते. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरगुती बिअरही त्यातून सुटत नाही.)

जुने कारागीर हे सारे अंदाजाने करत. उकळलेले पाणी जरा निवू द्यायचे आणि वाफ विरून पाण्यात आपला चेहरा स्पष्ट दिसू लागला की माल्ट ओतायचे, अशी एक रीत होती. मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या व्यावसायिकाने अठराव्या शतकाच्या मध्यात थर्मामीटर वापरून बिअर बनवण्याविषयी पुस्तक लिहिले. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन यांनी वर्टमधील साखर मोजणाऱ्या सॅकरोमीटरचा पुरस्कार केला. ज्यूल वयात आले तेव्हा मोठ्या कारखान्यांत अंदाजाची जागा बऱ्याच अंशी उपकरणांनी घेतली होती. प्रयोगशाळेत बसणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांपेक्षा बिअर कारखान्यातला माणूस थर्मामीटर अधिक वेळा हातात धरत होता.

विजेचे वेड कुठून लागले?

किशोरवयापासूनच ज्यूल कारखान्यात काम करू लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काम, आणि प्रयोग त्याआधी किंवा त्यानंतर. एकोणिसाव्या वर्षी, १८३८ मध्ये, त्यांचा पहिला लेख छापून आला. विषय होता विद्युतचुंबकीय मोटर.

त्यामागचा विचार कारखानदाराचा होता. कोळसा खाणाऱ्या वाफेच्या इंजिनाऐवजी बॅटरीवर चालणारी मोटर बसवली तर? तेव्हा युरोपात अनेकांना वाटत होते की विजेच्या मोटरमधून जवळजवळ फुकटात अमर्याद शक्ती मिळेल. ज्यूल यांनी स्वप्न पाहिले आणि त्याचा हिशेबही मांडला. बॅटरीत एक पौंड जस्त झिजले की किती काम होते, आणि चांगल्या इंजिनात एक पौंड कोळसा जळला की किती? कोळशाचे काम जस्ताच्या सुमारे पाचपट निघाले. जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. विषय संपला.

स्टार्टअपच्या भाषेत सांगायचे तर युनिट इकॉनॉमिक्स जुळत नव्हते. पण या फसलेल्या हिशेबातूनच पुढचा प्रश्न निघाला. बॅटरीतली शक्ती जाते कुठे? तारा तापतात, म्हणजे काही भाग उष्णतेत जातो. किती? १८४० मध्ये त्यांनी दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. घरातला गीझर, इस्त्री आणि वितळणारी फ्यूजची तार याच नियमाने चालतात. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र या लेखाचा फक्त सारांश छापला. वय २२, पदवी नाही, पत्ता सॅल्फर्डचा.

उष्णतेविषयी तेव्हाची समजूत काय होती?

त्या वेळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक प्रकारचा द्रव मानत. त्याचे नाव कॅलरिक. हा द्रव गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहतो, पण तो निर्माण करता येत नाही आणि नष्टही होत नाही, अशी धारणा होती. ती वेडगळ नव्हती, कारण तिच्यावर आधारलेली अनेक गणिते बरोबर येत. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणातून न संपणारी उष्णता निघते, हे काउंट रम्फर्ड यांनी १७९८ मध्येच दाखवले होते. तरी कॅलरिक टिकून होता, कारण किती काम केले की किती उष्णता मिळते, याचा पक्का आकडा कुणाकडेच नव्हता.

ज्यूल यांना तो आकडा हवा होता. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला किती वजन एक फूट उचलण्याइतके काम लागते? हा आकडा प्रत्येक पद्धतीने सारखाच आला, तर उष्णता हा पदार्थ नसून कामाचेच दुसरे रूप आहे, असे म्हणावे लागेल.

ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी पहिला आकडा मांडला : ८३८. पाण्यात बुडवलेले विद्युतचुंबक फिरवून तो मिळवला होता. सभेत कुणी टीका केली नाही आणि कुणी दखलही घेतली नाही. त्याच वर्षी बारीक छिद्रांतून पाणी ढकलून केलेल्या प्रयोगात ७७० मिळाले. पुढच्या वर्षी हवा दाबून केलेल्या प्रयोगांचा लेख रॉयल सोसायटीने नाकारला. १८४५ मध्ये पाण्यात वल्ही फिरवून ८९० आला. आकडे एकमेकांच्या जवळ होते, पण चिकटून नव्हते. टीकाकारांच्या बाजूनेही इथे थोडे बोलायला हवे. अंशाच्या लहानशा भागावर कुणी अख्खे भौतिकशास्त्र उलटवू पाहत असेल, तर शंका घेणे हे शास्त्रज्ञांचे कामच होते.

पाणी ढवळण्याचा प्रयोग नेमका काय होता?

पाठ्यपुस्तकातले चित्र अनेकांना आठवत असेल. तांब्याचे बंद भांडे, त्यात पाणी, पाण्यात पितळेची वल्ही, त्यांचा दांडा दोरीने दोन वजनांना जोडलेला. वजने खाली येतात, वल्ही फिरतात, पाणी घुसळले जाते आणि तापते. वजन किती उतरले हे माहीत असते, त्यामुळे काम कळते. तापमान किती वाढले ते मोजले की उष्णता कळते.

चित्रात हे रवीने ताक घुसळण्याइतके सोपे दिसते. प्रत्यक्षातले आकडे पाहिले की अंगावर काटा येतो. प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची दोन शिशाची वजने, सुमारे ६३ इंच उतार, आणि एका प्रयोगात ती वीस वेळा वर उचलून पुन्हा सोडायची. एका प्रयोगाला सुमारे ३५ मिनिटे. एवढे करून पाण्याचे तापमान किती वाढायचे? साधारण अर्धा अंश फॅरनहाइट. हा अर्धा अंशही निखळ नाही, कारण खोलीतली हवा पाण्याला उष्णता देते किंवा त्याच्याकडून घेते. वजने उचलणारा माणूस घामाघूम होतो आणि त्याच्या अंगाची उष्णताही भांड्यापर्यंत पोहोचते. ज्यूल यांनी मध्ये लाकडी पडदा उभा केला, प्रयोग वडिलांच्या घराच्या तळघरात केले आणि खोलीतल्या हवेमुळे किती फरक पडतो, हे वेगळे मोजून वजा केले. असे चाळीस प्रयोग त्यांनी फक्त पाण्यावर केले. त्यानंतर पाऱ्यावर आणि घासणाऱ्या ओतीव लोखंडावर.

सगळा डोलारा थर्मामीटरवर उभा होता. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांच्या मदतीने त्यांनी खास नळ्या बनवून घेतल्या, त्यांच्यावर स्वतः खुणा तपासल्या. सरावलेल्या डोळ्याने आपण अंश फॅरनहाइटचा दोनशेवा भाग वाचू शकतो, असा त्यांचा दावा होता. अनेकांना ही बढाई वाटली. १९९०च्या दशकात विज्ञानाचे इतिहासकार ऑटो सिबम यांनी तशीच यंत्रणा बांधून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो किती चिवट आहे हे त्यांच्या लक्षात आले. पुस्तकातली कृती वाचून ते जमण्यासारखे नव्हते. तापमान सांभाळण्याचे हे कसब ज्यूल यांनी बिअरच्या व्यवसायात कमावले असावे, असा सिबम यांचा निष्कर्ष होता, आणि तो पटण्यासारखा आहे.

जाता जाता एक हिशेब. ज्यूल यांच्या एका प्रयोगात वजने सुमारे ८,२५० ज्यूल ऊर्जा देत. घरगुती एलसाठी २० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ६७ लाख ज्यूल लागतात. म्हणजे ज्यूल यांच्या वजनांनी ते पाणी उकळायचे ठरवले, तर तो प्रयोग आठशेहून अधिक वेळा, जवळजवळ वीस दिवस अहोरात्र करावा लागेल. तेही वाटेत जराही उष्णता निसटली नाही तर.

मग लोकांनी ऐकले कधी?

१८४७ हे वर्ष निर्णायक ठरले. २८ एप्रिलला ज्यूल यांनी मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात सर्वसामान्य श्रोत्यांसमोर भाषण दिले. गती, काम, उष्णता ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, ती बदलते पण नाहीशी होत नाही, हे त्यांनी तिथे सोप्या शब्दांत मांडले. उल्का आकाशात का पेटतात, याचे उत्तरही याच भाषणात होते : हवेच्या घर्षणाने. विज्ञानाच्या इतिहासातले एवढे मोठे भाषण, पण ते छापण्यास मँचेस्टर गार्डियनने नकार दिला. शेवटी ते मँचेस्टर कुरिअरमध्ये छापून आले. त्याचे कारण भाऊ बेंजामिन त्या वृत्तपत्रासाठी संगीत समीक्षा लिहीत असत. कोणती बातमी महत्त्वाची हे संपादकांना नेहमी कळतेच असे नाही!

जूनमध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनची सभा होती. अध्यक्षांनी ज्यूल यांना सविस्तर बोलू न देता थोडक्यात आटपायला सांगितले. या वेळीही सगळे शांततेतच विरले असते, पण श्रोत्यांत ग्लासगोचे जेमतेम २३ वर्षांचे प्राध्यापक विल्यम थॉमसन बसले होते. हेच पुढचे लॉर्ड केल्विन. थॉमसन यांनी सभेतच उभे राहून विषय उचलून धरला की सभा संपल्यावर गाठ घेतली, याबद्दल दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. थॉमसन लगेच पटले असेही नाही. कॅलरिकवर आधारलेले सादी कार्नो यांचे इंजिनाचे गणित त्यांना प्रिय होते आणि ते मोडीत निघेल याची चिंता होती. पण बिअरवाल्याचे म्हणणे गंभीर आहे, एवढे त्यांनी ओळखले.

ऑगस्टमध्ये ज्यूल यांचा अमेलिया ग्राइम्स यांच्याशी विवाह झाला. दाम्पत्य आल्प्समध्ये गेले असताना शामोनीजवळ थॉमसन यांची अचानक भेट झाली. ज्यूल थर्मामीटर घेऊन हिंडत होते, असे थॉमसन सांगत. ते उतारवयात त्यांनी जरा रंगवून सांगितले असावे. धबधब्याचे पाणी खाली पडल्यावर थोडे तापले पाहिजे, असे ज्यूल यांचे गणित होते. नायगाराच्या १६० फूट उंचीसाठी ही वाढ त्यांनी एक पंचमांश अंश फॅरनहाइट काढली होती. दोघांनी मिळून सालांशच्या धबधब्यावर प्रयत्न केला, पण पाणी तुषार होऊन विखुरत असल्याने मोजमाप जमले नाही.

१८४९ मध्ये मायकेल फॅरडे यांच्यामार्फत ज्यूल यांचा मोठा लेख रॉयल सोसायटीपुढे गेला. आकडा होता ७७२. लेख पुढच्या वर्षी छापला गेला, पण घर्षण म्हणजे कामाचे उष्णतेत रूपांतर, हा निष्कर्ष समितीच्या सांगण्यावरून गाळावा लागला. मोजमाप मान्य, अर्थ अमान्य. तरीही १८५० मध्येच ज्यूल रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

श्रेयाचा वाद काय होता?

जर्मन डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये, म्हणजे ज्यूल यांच्या कॉर्कमधील भाषणाच्या एक वर्ष आधी, उष्णता आणि काम यांच्यातील समतुल्यतेची कल्पना छापली होती आणि आकडाही काढला होता. तो स्वतंत्र प्रयोगावर नव्हे, तर वायूंविषयी आधीच उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारलेला होता. मायर यांचीही उपेक्षा झाली आणि त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १८६०च्या दशकात जॉन टिंडल यांनी मायर यांची बाजू घेतली, तर थॉमसन आणि त्यांच्या मित्रांनी ज्यूल यांची. वादाला देशाभिमानाचा वास होता. आज कल्पनेचे श्रेय मायर यांना आणि प्रायोगिक पुराव्याचे ज्यूल यांना दिले जाते. ही वाटणी न्याय्य म्हणावी लागेल.

पुढची वर्षे कशी गेली?

१८५२ पासून ज्यूल आणि थॉमसन यांनी एकत्र काम केले. दाबाखालील वायू सच्छिद्र बुचातून सोडला की बहुतेक वायू थंड होतात, हे त्यांनी दाखवले. ज्यूल-थॉमसन परिणाम म्हणून हे इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात आजही शिकवले जाते. कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवेचे द्रवीकरण केले ते याच तत्त्वावर. बहुतांश चर्चा पत्रांतून होत असे. गणित थॉमसन यांचे, हात ज्यूल यांचे.

१८५४ हे वर्ष मात्र वाईट गेले. अमेलिया यांचे निधन झाले, त्याच वर्षी एक नवजात मुलगाही गेला. पदरात मुलगा आणि मुलगी अशी दोन लहान मुले होती. कारखानाही त्याच वर्षी विकला गेला. ज्यूल यांनी पुन्हा लग्न केले नाही. प्रयोग सुरू राहिले, पण ते स्वतःच्या पैशाने, आणि पैसा ओसरत गेला. रॉयल सोसायटीने १८७० मध्ये कोप्ली पदक दिले. १८७८ मध्ये सरकारने वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. त्याच वर्षी त्यांनी शेवटचा आकडा प्रसिद्ध केला : ७७२.५५.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळच्या सेल या गावी त्यांचे निधन झाले. ब्रुकलँड्सच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर हा आकडा कोरलेला आहे. आजच्या मोजमापानुसार तो ७७८च्या आसपास यायला हवा. अमेरिकेतील हेन्री रोलंड यांनी ज्यूल हयात असतानाच दाखवून दिले होते की चूक ढवळण्यात नव्हती, पाऱ्याच्या थर्मामीटरच्या मापनात होती. तफावत एका टक्क्याहून कमी आहे.

ज्यूल हे एकक कधी झाले?

विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये हे नाव सुचवले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ते स्वीकारले. ज्यूल यांच्या मृत्यूला तेव्हा काहीच आठवडे उरले होते. सुरुवातीला ते विजेच्या कामाचे एकक होते. उष्णता कॅलरीतच मोजली जात होती, म्हणजे दोन्ही एकच आहेत हे सिद्ध होऊनही मापे वेगळीच राहिली. १९४८ मध्ये वजने आणि मापे यांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने उष्णतेसाठीही ज्यूल हेच एकक ठरवले. भारतात मात्र बिस्किटांच्या पुड्यावर ऊर्जा आजही किलोकॅलरीतच छापली जाते. ज्यूलमध्ये हवी असेल तर किलोकॅलरीच्या आकड्याला सुमारे ४,१८६ ने गुणावे लागते.